चेहरा कुणाचा, चित्र कुणाचं? रोझेटीची व्यक्तिचित्रं आणि त्यातल्या बायका

रंगरेषा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. २०२३ च्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला गेले होते तेव्हा टेट ब्रिटन संग्रहालयात रोझेटी भावंडांवर मोठं प्रदर्शन लागलं होतं. दांते गॅब्रिएल रोझेटीचं नाव कॉलेजात असल्यापासून ऐकून होते, त्याची लांब मानेच्या, दाट केसांच्या बायकांची चित्रं कॅलेंडरवर, पुस्तकांच्या कव्हरवर बघितली होती, तीच प्रत्यक्ष बघायची म्हणून गेले. आणि आज दोनेक वर्षांनीही डोक्यात त्याच्यापेक्षा त्याच्यासमोर तासन् तास बसलेल्या बायकाच जास्त आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८२८, लंडन. वडील इटलीतून राजकीय कारणाने परागंदा झालेले, लंडनच्या किंग्ज कॉलेजात इटालियन शिकवायचे आणि महाकवी दांतेचे वेडे अभ्यासक. घरात चार भावंडं, त्यातली धाकटी क्रिस्टिना ही स्वतः मोठी कवयित्री झाली. याचं बारशाचं नाव गॅब्रिएल चार्ल्स दांते, यानेच मोठेपणी दांते पुढे आणून लावलं. १८४८ मध्ये वीस वर्षांचा असताना मिले, हंट वगैरे मित्रांबरोबर प्री-राफेलाइट ब्रदरहुड काढला, म्हणजे राफेलनंतर चित्रकला साचेबंद झाली, आपण त्याच्या आधीच्या साध्या, खऱ्या रंगांकडे जाऊ असं म्हणणारी सात पोरं. त्याच्या पहिल्या मोठ्या चित्रात कुमारी मेरी म्हणून बसली ती क्रिस्टिना आणि मेरीची आई म्हणून बसली ती ह्यांची स्वतःची आई! त्या चित्रासाठी त्याने दोन सुनीतंसुद्धा लिहिली. (सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता, केशवसुतांनी मराठीत आणली तीच.) ही सवय पुढे आयुष्यभर राहिली, चित्र काढायचं, त्यावर सुनीत लिहायचं आणि कधीकधी ते चौकटीवरच कोरून घ्यायचं. चौकटीही तो स्वतः डिझाइन करायचा.

आता मुद्द्यावर येते. 'बिआता बिआट्रिक्स' या चित्रासमोर मी किती वेळ उभी होते मलाच माहीत नाही. कवी दांतेची लाडकी बिआट्रिस मरणाच्या क्षणी बसलेली आहे. डोळे मिटलेले, मान किंचित वर, ओठ जरासे उघडे, तळहात मांडीवर सैल पडलेले. एक लाल पक्षी चोचीत पांढरं अफूचं फूल घेऊन तिच्या हाताशी येतोय. मागे सूर्यघड्याळाची सावली नऊवर, डावीकडे हातात पेटलेलं हृदय घेतलेला प्रेमदेव, उजवीकडे दांते, आणि मधे धुरकट उजेडात फ्लॉरेन्सचा पूल. केसांच्या कडेवर मागून ऊन पडलंय त्यामुळे डोक्याभोवती नुसती तांबूस धग. लांबून वाटतं झोपलीये, जवळ गेलं की श्वास अडकतो.

आणि हा चेहरा बिआट्रिसचा नाही, रोझेटीच्या बायकोचा, एलिझाबेथ सिडलचा. ती फेब्रुवारी १८६२ मध्ये लॉडनम जास्त झाल्याने गेली. लॉडनम म्हणजे अफूचाच अर्क. चोचीतलं फूल कुठलं ते परत वाचा. हे चित्र त्याने तिच्या जुन्या रेखाटनांवरून, ती गेल्यावर कित्येक वर्षं रंगवत ठेवलं.

लिझी, म्हणजे ही एलिझाबेथ, टोप्यांच्या दुकानात कामाला होती. आडनाव मूळचं शेवटी दोन एलचं, त्यातला एक यानेच गाळायला लावला असं सांगतात. तिने स्वतः चित्रं काढली, कविता लिहिल्या, रस्किनसारख्या समीक्षकाने १८५५ मध्ये तिची चित्रं विकत घेतली आणि वर्षाला दीडशे पौंड द्यायचं कबूल केलं. हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, मला ती फक्त 'रोझेटीची मॉडेल' म्हणून माहीत होती. त्या प्रदर्शनात तिच्या चित्रांनाही नीट जागा दिली होती म्हणून कळलं.

तिने १८५३-५४ मध्ये स्वतःचं एक छोटं गोल व्यक्तिचित्र केलंय, तैलरंगात. ते कुठे तरी शोधून नक्की बघा. रोझेटीच्या चित्रात पापण्या कायम खाली झुकलेल्या, जणू बाईला जागंच व्हायचं नाहीये. तिच्या स्वतःच्या चित्रात डोळे सरळ आपल्याकडे, पापण्या जड, ओठ घट्ट मिटलेले, रंग फिका, गोडवा जराही नाही. बाई एकच, वर्षंही जवळजवळ तीच. मला विचारायचंय ते हेच, की रोझेटीने काढलेल्या चित्रांना आपण व्यक्तिचित्रं म्हणायचं का? त्यात व्यक्ती आहे का?

जुना_वाचक

फार सुंदर धागा, ताई. पाण्यात तरंगणारी, हातात फुलं असलेली 'हॅम्लेट'मधली ऑफेलिया, तीही लिझीच ना? ते रोझेटीचं सगळ्यात गाजलेलं चित्र असं वाचल्यासारखं आठवतंय.

रंगरेषा

@जुना_वाचक, लिझीच, पण चित्र मिलेचं आहे, रोझेटीचं नाही. १८५१-५२. चित्र टेटमध्येच आहे. मिलेने तिला भर थंडीत पाण्याने भरलेल्या टबात झोपवलं होतं, पाणी कोमट राहावं म्हणून खाली दिवे लावलेले. एकदा ते विझले आणि चित्रात गढलेल्या मिलेच्या लक्षातच आलं नाही, आणि ही पोरगी अवाक्षर न बोलता गार पाण्यात पडून राहिली. चांगलीच आजारी पडली, वडिलांनी पन्नास पौंड मागितले. ती का बोलली नाही हा प्रश्न मला फार छळतो. बावीसचं वय, कष्टकरी घरातली, बसायचे पैसे मिळतायत, साहेब कामात आहे, कसं बोलणार?

काळी_शाई

धागा आवडला पण एका गोष्टीवर तुम्ही हात राखून लिहिलंय असं वाटलं म्हणून मी लिहितो. ती गेली तेव्हा रोझेटीने आपल्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. दुसरी नीट प्रत नव्हती. म्हणजे जे लिहिलं ते तुझ्यासोबत जाऊ दे. इथपर्यंत माझा त्याच्याशी काही वाद नाही, दुःखात माणूस असं करतो. पण सात वर्षांनी, ऑक्टोबर १८६९ मध्ये, हायगेटच्या दफनभूमीत रात्री थडगं उघडून ती वही बाहेर काढवली! स्वतः गेला नाही, चार्ल्स हॉवेल नावाच्या माणसाला पाठवलं. वही जंतुनाशकात भिजवून, पानं सुटी करून वाळवली, 'जेनी' नावाच्या कवितेच्या पानांतून तर आरपार भोक पडलं होतं. आणि १८७० मध्ये संग्रह आला, गाजला.

मी स्वतः कविता लिहितो, छापून आलेल्या थोड्याच आहेत, पण वही हरवण्याचं दुःख मला माहीत आहे. तरीही सांगतो, दिलेली वस्तू परत घेता येत नाही. त्यातून ज्या कविता आल्या त्यातल्या काही अप्रतिम आहेत हेही खरं आणि त्या वाचताना मला दर वेळी त्या रात्रीची आठवण येते हेही खरं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ब्युकॅनन नावाच्या टीकाकाराने त्याच्या कवितेला 'देहवादी' म्हणून झोडपलं, १८७२ मध्ये रोझेटी पार कोसळला, त्याला झोप लागेना, क्लोरल या झोपेच्या औषधाचं व्यसन आणि त्यावर व्हिस्की, त्यातून तो कधी बाहेर आलाच नाही. १८८२ मध्ये, ५३ व्या वर्षी गेला. हायगेटला तिच्याशेजारी त्याला पुरलं नाही, तो दूर समुद्राकाठी बर्चिंग्टनला आहे.

अंबोली_धुकं

बाप रे, हे माहीत नव्हतं. मी असं ऐकलंय की पेटी उघडली तेव्हा तिचे केस वाढून पेटीभर झाले होते आणि ती जशीच्या तशी होती??

रंगरेषा

@अंबोली_धुकं, ही गोष्ट सगळीकडे फिरते पण खरी धरू नका. माणूस गेल्यावर केस वाढत नाहीत. ती सांगणारा हॉवेलच, आणि तिखटमीठ लावून सांगण्यासाठी तो त्याच्या वर्तुळात प्रसिद्ध होता. मला तर वाटतं रोझेटीला बरं वाटावं म्हणून त्याने ते सांगितलं असेल. पण बघा, मेल्यावरसुद्धा तिचं चित्रच केलं, लाल केसांची न कोमेजणारी सुंदरी.

@काळी_शाई, हात राखला हे खरं. मला ते लिहिताना त्रास होतो. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

चारकोल

मी जे.जे.ला शिकलोय, पस्तीस वर्षं पोर्ट्रेटच करतोय, त्यामुळे जरा वेगळं बोलतो. बायका, लग्नं, थडगं हे सगळं महत्त्वाचं आहे पण चित्र बघताना आधी चित्र बघा अशी कळकळीची विनंती आहे. रोझेटीला शरीररचना आणि पर्स्पेक्टिव्ह पक्कं येत नव्हतं हे त्याचे मित्रही जाणून होते. मिलेच्या हाताला जे सहज जमायचं ते याला जमायचं नाही. पण रंग आणि पोत! १८५९ चं 'बोक्का बाचाता' घ्या, बॉस्टनला आहे, फॅनी कॉर्नफोर्थ बसलीये. तिथपर्यंत तो छोटी छोटी जलरंगातली मध्ययुगीन दृश्यं करत होता, दाट, कोरड्या रंगात, जुन्या पोथीतल्या चित्रांसारखी. आणि अचानक तैलरंगात एकच बाई, छातीपर्यंत, जवळून, मागे झेंडू, कसली कथा नाही, कसला उपदेश नाही. व्हिक्टोरियन लंडनमध्ये हे धाडस होतं. पुढची वीस वर्षं तो याच वाटेने गेला.

'प्रोसेर्पिने' मी एकदा हुबेहूब करायला घेतलं होतं, रंगीत खडूत, कारण त्याची खडूतली कामं मला तैलचित्रांहूनही आवडतात. जेन मॉरिस बसलीये, पाताळात नेलेली देवी. हातात डाळिंब, एक घास खाल्लेला, त्या दाण्यांमुळेच तिला वर्षातला काही काळ पाताळात राहावं लागतं. मागे भिंतीवर वरच्या जगातल्या उजेडाचा एक तुकडा, बाजूला आयव्हीची वेल. मी आठ दिवस मानेवर अडकलो होतो. जेनचे १८६५ चे फोटो आहेत, रोझेटीनेच आपल्या चेनी वॉकच्या घराच्या बागेत तिला बसवून, उभं करून काढून घेतलेले. त्या फोटोवरून मान मोजली, मग चित्रातली मोजली. चित्रातली मान माणसाची नाहीच, ती लांबवून पुढे वाकवलीये. मी ती 'बरोबर' करून बघितली तर चित्र मेलं. सगळं वजन त्या वाकण्यात आहे. आणि हात बघा, उजव्या हाताने तिने स्वतःचंच डावं मनगट धरलंय, ज्या हातात डाळिंब आहे तोच हात. आपणच आपल्याला अडवतोय पण उशीर झालाय. हे मला कागदावर हात काढेपर्यंत दिसलं नव्हतं, पोस्टकार्डावर शंभरदा बघूनही.

तेव्हा रंगरेषाताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: व्यक्ती आहे. साम्य नसेल, पण त्या बाईचं दुःख आहे. जेन ही रोझेटीचा मित्र, कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिस याची बायको होती आणि रोझेटीचा तिच्यावर जीव होता, १८७१ पासून केल्म्स्कॉटचं घर मॉरिस आणि रोझेटीने मिळून भाड्याने घेतलं होतं. वर्षातला काही काळ इकडे, काही काळ तिकडे. आता डाळिंबाकडे परत बघा.

रंगरेषा

@चारकोल, मनगटाचं वाचून अंगावर काटा आला. मीही ते चित्र बघितलंय आणि मला ते दिसलं नव्हतं. पण ते दुःख जेनचं की तिला आपल्याकडे ठेवता न आलेल्या रोझेटीचं? चित्राच्या वरच्या कोपऱ्यात त्याने इटालियनमध्ये सुनीत लिहिलंय, ते प्रोसेर्पिनेच्या तोंडी आहे, म्हणजे तिचं बोलणंही त्यानेच लिहिलेलं. आणि एक गोष्ट. हे चित्र त्याने परत परत केलं. मरणाच्या थोडंच आधी पुरं केलेलं शेवटचं 'प्रोसेर्पिने' बर्मिंगहॅमला आहे. त्यात चेहरा जेनचा पण केस काळे नाहीत, तांबूस आहेत. लाल केस कुणाचे होते ते मी सांगायला नको.

काळी_शाई

रंगरेषाताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्याच घरात कधीच दिलं गेलंय. क्रिस्टिनाने १८५६ मध्ये भावाच्या स्टुडिओवर एक सुनीत लिहिलं. छापलं नाही, ते तिच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये आलं. आशय असा: त्याच्या सगळ्या कॅनव्हासमधून एकच चेहरा बघतो. कधी राणी, कधी हिरव्या कपड्यातली कुणी अनाम मुलगी, कधी संत, कधी देवदूत, पण अर्थ तोच, ना कमी ना जास्त. तो रात्रंदिवस त्या चेहऱ्यावर जगतो. आणि ती त्याच्याकडे मायेने बघते, पण कशी, तर वाट बघून म्लान झालेली आहे तशी नाही, आशा उजळ होती तेव्हा होती तशी. शेवटच्या दोन ओळी मी माझ्यापुरत्या अशा केल्यात:

जशी आहे तशी नव्हे, जशी होती तशी खरी,
जशी आहे तशी नव्हे, त्याच्या स्वप्नी भरे तशी.

हे लिहिणारी पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी लहानपणापासून त्याच खोल्यांतून स्वतः मॉडेल म्हणून बसली होती. म्हणून मला ते खरं वाटतं, बाहेरच्या कुणी समीक्षकाने लिहिलं असतं तर इतकं लागलं नसतं.

गिरगावकर

वाचनमात्र असतो, पण आज राहवलं नाही. यात मुंबईचा एक धागा आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडातली उठावाची शिल्पं आपण येताजाता बघतो, ती लॉकवुड किपलिंगची. तो १८६५ मध्ये जे.जे.त शिकवायला आला, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा मुलगा रुडयार्ड, 'जंगल बुक'वाला, इथेच जन्मला. लॉकवुडची बायको अ‍ॅलिस, तिची सख्खी बहीण जॉर्जियाना, आणि जॉर्जियानाचा नवरा एडवर्ड बर्न-जोन्स, म्हणजे रोझेटीला गुरू मानणारा चित्रकार. म्हणजे रुडयार्डची मावशी लिझीच्या घरी जाणारी-येणारी मैत्रीण होती.

याच मावशीने नवऱ्याचं चरित्र लिहिलं त्यात एक प्रसंग आहे. १८६१ मध्ये लिझीला मृत मुलगी झाली. त्यानंतर हे नवराबायको भेटायला गेले तर लिझी खुर्चीत बसून रिकामा पाळणा हलवत होती, आणि यांना आत येताना बघून म्हणाली, हळू, बाळ उठेल. मी हे बऱ्याच वर्षांपूर्वी वाचलं, आमच्या घरीही तसं घडलेलं होतं त्यामुळे पुस्तक तिथेच मिटलं आणि पुढचे काही दिवस हातात घेतलं नाही. नऊ-दहा महिन्यांत ती गेलीच. बिआट्रिक्सच्या चित्रातले ते मांडीवरचे उघडे, रिकामे हात मला त्या पाळण्यापासून वेगळे बघताच येत नाहीत.

रंगरेषा

गिरगावकर, काय लिहू. तुमच्यासाठी हात जोडते. आता ते चित्र मलाही तसंच दिसणार.

अंबोली_धुकं

रडवलंत. 🙏

जुना_वाचक

एक विचारू का, तो स्वतः दिसायला कसा होता? इतक्यांची चित्रं काढली, त्याचं कुणी काढलं का?

चारकोल

@जुना_वाचक, १८४७ चं त्याने स्वतःचंच केलेलं रेखाटन आहे, खांद्यावर केस रुळणारा, मोठ्या डोळ्यांचा कोवळा पोरगा. मग १८६३ च्या ऑक्टोबरात लुइस कॅरोलने, हो तोच अ‍ॅलिसवाला, चेनी वॉकला जाऊन त्याचे आणि घरच्यांचे फोटो काढले, त्यात दाढी, विरळ झालेले केस, थकलेला चेहरा. वय फक्त पस्तीस. चित्रकार वॉट्सने १८७१ च्या सुमारास केलेलं तैलचित्रही आहे. मध्ये चोवीस वर्षं, पण माणूस वेगळाच. आणि त्याने दुसऱ्यांची केलेली खरी, जागच्या जागी टिपलेली व्यक्तिचित्रं बघायची असतील तर १८५५ मध्ये कवी ब्राउनिंगच्या घरी कवी टेनिसन आपली कविता मोठ्याने वाचत होता तेव्हा याने गुपचूप काढलेलं पेनाचं रेखाटन बघा. सोफ्यावर पाय दुमडून, पुस्तक नाकाशी धरलेला. तिथे स्वप्न वगैरे काही नाही, समोरचा माणूस जसा आहे तसा आहे.

काळी_शाई

म्हणजे पुरुष जसा आहे तसा काढता येत होता.

हडसन_काठ

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी न्यू जर्सीत असते, इथून दोनेक तासांवर डेलावेअर आर्ट म्यूझियम आहे, तिथे इंग्लंडबाहेरचा रोझेटीचा फार मोठा संग्रह आहे. सॅम्युअल बॅनक्रॉफ्ट नावाच्या गिरणीमालकाने जमवलेला. यातल्या काही वस्तू आणि माहिती त्याला मिळाली ती थेट फॅनी कॉर्नफोर्थकडून. म्हणून मला फॅनीबद्दल लिहायचंय, कारण तिच्याबद्दल सगळे घाईत बोलतात.

तिचं खरं नाव सारा कॉक्स, ससेक्समधल्या लोहाराची मुलगी. फॅनी कॉर्नफोर्थ हे तिने स्वतः घेतलं. रोझेटीकडे मॉडेल होती, मग घर सांभाळायला राहिली, तो तिला लाडाने हत्ती म्हणायचा, पत्रांत हत्तीची चित्रं काढायचा. त्याच्या सुशिक्षित मित्रांना ती गावठी वाटायची. पण तो गेल्यावर त्याच्या आठवणी हिने जपल्या, बॅनक्रॉफ्टला नीट सांगितल्या आणि म्हणून त्या म्यूझियमपर्यंत पोचल्या. शेवटी म्हातारपणी स्मरण गेलं, चिचेस्टरच्या मनोरुग्णालयात ठेवलं, तिथेच १९०९ मध्ये गेली. हे सगळं अगदी अलीकडे, जुनी रजिस्टरं तपासून शोधलं गेलं. तोवर तिचा शेवट कुणाला ठाऊक नव्हता.

'लेडी लिलिथ' डेलावेअरलाच आहे. लिलिथ, म्हणजे दंतकथेतली आदमची पहिली बायको, आरशात बघत आपले लांब सोनेरी केस विंचरतेय, मांडीवर पांढरा झगा, मागे गुलाब. मी समोर उभी राहून फॅनी शोधत होते आणि मला काही केल्या ती दिसेना.

रंगरेषा

@हडसन_काठ, तुम्हाला दिसणार नाही कारण ती तिथे नाहीये. ते चित्र १८६६-६८ मध्ये फॅनीला बसवूनच केलं होतं. लिव्हरपूलचा जहाजमालक लेलंड याने ते घेतलं आणि पुढे त्याच्याच सांगण्यावरून १८७२-७३ मध्ये रोझेटीने फॅनीचा चेहरा खरवडून तिथे अ‍ॅलेक्सा वाइल्डिंगचा चेहरा बसवला. अ‍ॅलेक्सा शिवणकाम करणारी मुलगी, रोझेटीला ती स्ट्रँडच्या रस्त्यावर दिसली, मग आठवड्याला ठरावीक पैसे देऊन त्याने तिला फक्त स्वतःसाठी बसायला ठेवलं. त्याच सुमाराच्या 'सिबिला पामिफेरा' या चित्रातही तीच आहे. आता बघा, या दोन चित्रांवर त्याची दोन सुनीतं आहेत, एक देहाच्या सौंदर्याचं लिलिथवर, एक आत्म्याच्या सौंदर्याचं सिबिलावर. फॅनी पुसल्यावर देह आणि आत्मा दोन्हीला चेहरा एकाच मुलीचा झाला. चारकोल म्हणतात त्यातलं बरंच मला पटलंय, रंग आणि हातांबद्दल तर पूर्ण, पण इथे मी अडते. चेहरा काढून दुसरा बसवता येतो आणि सुनीताची एक ओळही बदलावी लागत नाही, तर ते सुनीत कुणाबद्दल होतं?

पण एक चांगली बातमी आहे, तुम्ही जवळच राहता म्हणून सांगते. चेहरा बदलण्याआधी, १८६७ मध्ये, याच चित्राची जलरंगातली प्रत झाली होती, त्यात रोझेटीचा सहाय्यक डन याचाही हात आहे. ती न्यूयॉर्कच्या मेट म्यूझियममध्ये आहे. जलरंग असल्यामुळे कायम भिंतीवर नसते, आधी चौकशी करून जा. त्यात अजून फॅनीच केस विंचरतेय. गेलात तर माझ्यातर्फे दोन मिनिटं जास्त थांबा तिच्यासमोर, आणि कशी दिसते ते इथे येऊन लिहा.